सस्पेन्शन सीटपोस्टच्या नावाखाली माझे ९,५१९ रुपये गेले, निदान तुमचे तरी वाचवा

रक्कम आधीच सांगून टाकतो. सीटपोस्ट म्हणजे सायकलची सीट ज्यावर बसते तो दांडा, सस्पेन्शनवाला धक्के झेलतो. त्याचे ६,४९९ रुपये, 'बिलाचा जीएसटी' म्हणून १,१७०, आणि खोटा माल परत पाठवण्याचं 'डिपॉझिट' म्हणून १,८५०. एकूण ९,५१९. यातले शेवटचे १,८५० मी फसलो हे कळल्यानंतर दिलेत. ते लिहिताना आजही कानशिलं तापतात.

मी लातूरचा. वय ५४, सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवतोय. ऐकीव गोष्टीवर पैसे टाकणारा माणूस मी नाही, हे मला ओळखणारे सांगतील. पण दोन वर्षांपासून कंबर धरलीय, मणक्यातली गादी सरकलीय. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, फक्त धक्के टाळा. आता आपल्याकडे धक्के कसे टाळणार? काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. औशाकडे सकाळी निघालो की प्रत्येक लाट थेट कमरेत. टायरची हवा कमी करून पाहिली, सीटला जेलचं कव्हर घातलं, दोन्हीचा उपयोग बेताचाच झाला.

मग सस्पेन्शन सीटपोस्टचं वाचलं. पंधरा दिवस वाचत होतो. एक प्रकार सरळ नळीचा: नळीत स्प्रिंग, बसलं की दांडा खाली दबतो. स्वस्त असतो, पण झिजला की सीट डावी-उजवीकडे हलायला लागते. दुसरा सांध्यांचा, चार बिजागऱ्यांवर सीट खाली आणि थोडी मागे जाते. पायडल आणि सीटमधलं अंतर त्यात फारसं बदलत नाही, बारीक हादरेही चांगले झेलतो. मला हा हवा होता. चांगल्या कंपनीचा परदेशातच दीडशे डॉलरच्या वर जातो. म्हणून ६,४९९ ला 'इम्पोर्टेड, जुना स्टॉक' अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तेव्हा किंमत अगदी अशक्य वाटली नाही. हजाराला म्हणाला असता तर मी बघितलंही नसतं. त्यानं भाव नेमका मधला धरला होता.

आता ती वेळ सांगतो. १४ नोव्हेंबर, रात्री पावणेनऊ. फोनवर माणूस मराठीत बोलत होता, आणि मराठी कशी, तर आपल्या इकडची. "सर, मी बी उदगीर साइडचाच की. तुम्हाला खोटं सांगून कुठं जाणार?" मी तीन प्रश्न काढून ठेवले होते. नळीची जाडी किती मिलिमीटर? "२७.२, तुमच्या सायकलला बरोबर." प्रकार? "सांध्यांचाच सर, फोटो बघा की." तिसरा प्रश्न वजनाचा. या सीटपोस्टमधली स्प्रिंग किंवा रबर चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडावं लागतं. साठ किलोच्या माणसाची स्प्रिंग माझ्या ८६ किलोंखाली तळाला जाऊन बसणार. हे मला पाठ होतं. मी विचारलं, तो म्हणाला, "सगळ्या वजनाला चालतं सर, ऑटोमॅटिक आहे."

तिथं फोन ठेवायला पाहिजे होता. ज्याला वजनाचा प्रश्नच कळला नाही, त्यानं ही वस्तू हातातही धरलेली नव्हती. मला हे उत्तर खोटं आहे हे माहीत होतं, आणि तरी मी मनात म्हटलं, पोरगं विक्रीचं बोलतंय, त्याला तांत्रिक काय माहीत असणार. का, तर तो आपल्या बोलीत बोलत होता. पुढच्याच मिनिटाला यूपीआयवर दुकानाच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं. विचारलं तर "अकाउंटंटचं खातं आहे सर". तेही मी गिळलं. एका मिनिटात दोन खुणा दिसल्या आणि दोन्हींवर पांघरूण मीच घातलं. तेव्हा पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. दुकान एक आणि खातं दुसऱ्याचं असेल तर कारण ऐकूनच घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी बिलासाठी १८ टक्के मागितले. ६,४९९ चे अठरा टक्के १,१६९.८२, आकडा बरोबर होता म्हणून मी दिले. आकडा तपासला, दर तपासला नाही. सायकलच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी नाहीच. बिल आजतागायत आलेलं नाही.

पार्सल २२ तारखेला आलं. उघडतानाचा व्हिडिओ काढला नाही. तुम्ही काढा, पाकिटावरच्या लेबलापासून सुरू करून एका दमात. आत सरळ नळीचा सीटपोस्ट होता. मी तो तसाच घेऊन गोलाईमागच्या आमच्या मिस्त्री चाचांकडे गेलो. चाचांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला: २५.४. माझ्या फ्रेममध्ये तो सैल पडू नये म्हणून नळीभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली, कडा कात्रीनं कापलेल्या, वर पारदर्शक टेप. नखानं खरवडलं तसा कंपनीचा स्टिकर सोलून आला. नळी किमान किती आत जावी याची जी रेष असते, ती घासून काढलेली. चाचा बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "सर, हे कुठून आणलाव? ह्याच्यावर बसू नका. चालत्या गाडीत मोडला तर दांडा पोटात जाईल."

पैशापेक्षा हे जास्त लागलं. कंबर दुखते म्हणून घेतलेली वस्तू, आणि ती जिवावर बेतणारी पाठवली.

त्याला फोन केला तर त्यानं माफी मागितली. "पॅकिंगवाल्याची चूक झाली सर, परत पाठवा. रिटर्नचं डिपॉझिट १,८५० भरा, सगळं मिळून आजच जमा होईल." गेलेले पैसे परत येतील या आशेवर माणूस आणखी पैसे देतो, हे मी दुसऱ्यांना ओरडून सांगितलेलं आहे. तरी २४ तारखेला दिले. त्या संध्याकाळपासून नंबर बंद.

आता पुढचं ऐका. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीचा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, समोरच्या खात्यातली रक्कम पुढे जाण्याआधी थांबवता येते, एवढं एक वाक्य त्या काउंटरवर कुणी बोललं नाही. मला ते पुतण्यानं सांगितलं, २७ तारखेला, पहिल्या पैशाला तेरा दिवस झाल्यावर. तुम्ही त्याच तासाला करा, रडत बसू नका.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, "मास्तर, सायकलच्या सीटसाठी आलाव?" आणि शेजारच्याला हाक मारून परत तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, माल मिळालाय, म्हणजे हा दिवाणी वाद. चौथ्या दिवशी, समोरचा नंबर दुसऱ्या राज्यातला निघाला, तिथं जा. मी कागद काढला: भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. उत्तर आलं, "कायदा आम्हाला शिकवू नका." चार चकरा, दोन अर्ध्या रजा, आणि हातात काय, तर अर्जावर पोच म्हणून एक शिक्का. नऊ हजार म्हणजे यांना किरकोळ. असे किरकोळ करून शंभर जणांचे नऊ लाख होतात, हे गणित मांडायला यांना मास्तर लागतो का? फसवणाऱ्याला ते पक्कं माहीत आहे, म्हणून तर तो पन्नास हजार मागत नाही. शिक्का मारलेली पोच मात्र घ्याच, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

कुरियरवाल्यानं पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून एक पिनकोड आणि तोच बंद नंबर दाखवला. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज भरायला बसलो. 'विरुद्ध पक्षाचे नाव व पत्ता' या रकान्यात काय लिहायचं? खातेदाराचं नाव आणि पत्ता बँकेकडे आहे, बँक म्हणते पोलिसांनी मागितलं तर देऊ, आणि पोलीस काही मागत नाहीत. मी लेखी स्मरणपत्र दिलंय, पुढच्या सोमवारी परत जाणार आहे. पत्र्याची पट्टी, स्टिकर आणि सीटपोस्ट चाचांच्या सांगण्यावरून तसाच पिशवीत बांधून ठेवलाय.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. दुकानाचं नाव वेगळं, भाव ६,२९९, फोटो तोच: मागं हिरवी फरशी, आणि वरच्या बोल्टजवळ आडवा ओरखडा. तुम्हाला दिसली तर त्याला एवढंच विचारा, माझ्या वजनाला कुठली स्प्रिंग लागेल.