‘दशावतार’ आणि आगेमागे पाहिलेले भयपट

कोकणातलं भूत पडद्यावर आलं की कंदील, धुकं, पांढरी साडी आणि उगाच किंचाळणारी म्हातारी हे सगळं ठरलेलं असतं. मी कुडाळकडची. आमच्याकडे लहानपणी धाक असायचा तो राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, आणि तो काही ऊठसूट कोणाला झपाटत नाही. तो वेस राखतो, चुकलेल्याला वाटेवर आणतो, गावाच्या मुळावर उठलेल्याला मात्र सोडत नाही. आरवली गावच्या वेतोबाला, अशाच एका राखणदाराला, केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावभर फिरतो म्हणून त्या वहाणा झिजतात, असं मानतात. ज्याची भीती त्याचाच आधार, हे आमच्या भागातल्या भयकथेचं मूळ आहे. सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’मध्ये (सप्टेंबर २०२५) ते सापडलं, म्हणून हे लिहायला बसले.

दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री हा उतारवयातला दशावतारी कलाकार, दशावतार म्हणजे आमच्या कोकणातलं लोकनाट्य. नजर अधू होत चाललीय, मुलाला वाटतं बापाने आता थांबावं, आणि बापाचा जीव रंगात अडकलेला. ज्यांनी खरा दशावतार पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथे लिहिलेली संहिता नसते. एक लाकडी बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, बस. तेच बाकडं इंद्राचं सिंहासन आणि तेच कैलास. संवाद उभ्या जागी सुचायचे. रात्रभर चालतं आणि पहाटे दहीकाल्याने संपतं. माझे एक काका स्त्रीपार्ट करायचे. तोंडाला रंग लागला की त्यांना घरातलंसुद्धा कोणी नावाने हाक मारत नसे, तो माणूस तेवढा वेळ आपला नव्हेच. प्रभावळकर रंग लावतात तेव्हा हेच दिसतं. आधी खांदे बदलतात, मग मान, आणि आवाज सगळ्यात शेवटी. ऐंशी ओलांडलेल्या नटाने हे करावं, आणि त्यात कुठेही ‘बघा मी काय करतोय’ नसावं! मला भरून आलं.

दुसरी मोठी गोष्ट भाषेची. नाटकवाल्या मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली सातासमुद्रापार नेली, त्यांचे उपकारच आहेत, पण त्यांच्यानंतर पडद्यावरचा मालवणी माणूस नुसता हसवायलाच येत राहिला. इथे तो रागावतो, रडतो, देवाला जाब विचारतो. देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्यातला ‘व्हय म्हाराजा’ ज्यांच्या कानात आहे त्यांना या बोलीचं वजन वेगळं सांगायला नको. आणि कथेतलं संकट तर आमच्या दारातलंच आहे. डोंगर पोखरणारी खाण आणि तिच्यामागे उभा राहिलेला पैसा.

खटकलं ते उत्तरार्धात. खलमंडळी फार सपाट आहेत, पहिल्या वाक्यात कळतं की यांचा शेवट होणार. पार्श्वसंगीत तर जिथे रानाचा आवाज पुरला असता तिथेही ढोल बडवत राहतं. रातकिडे आणि लांबून येणारा पखवाज एवढ्यावर अंगावर काटा आला असता. तरीही दशावतारातल्या एकेका अवताराच्या रूपात सूड घ्यायची योजना मला मनापासून आवडली, कारण बाबुलीचा सूड त्याच्या कलेतूनच येतो, कुठून उसना आणलेला नाही.

याच्या उलट ‘मुंज्या’ (२०२४). दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, मुलूख कोकणचा आणि कल्पना अस्सल. मुंज झालेला पोर सोडमुंजीआधी गेला तर मुंजा नावाचं भूत होऊन पिंपळावर राहतो, हे आपल्याकडे आज्यांनी सांगितलेलं. १९५२ सालचा सुरुवातीचा भाग, पुढे मुंजा होणारा गोट्या आणि त्याने बळी द्यायला नेलेली बहीण, हा जबरदस्त आहे. तीच बहीण पुढे आजी होते, सुहास जोशी. भावाने आपला जीव घ्यायचा प्रयत्न केला हे पोटात ठेवून जगलेली बाई! खरा सिनेमा तिच्यात होता. पण तिला लवकर बाजूला काढलं, आणि मग संगणकावर बनवलेलं ते पोर इतकं बडबडतं, इतकं दिसतं, की भीती उरत नाही. मुलं मात्र खूश होतात, माझ्या भाच्याला अजून त्याच्या नकला येतात.

‘तुंबाड’बद्दल नव्याने काय सांगू? २०१८ मध्ये दुर्लक्षित राहिला, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्याचं बळ नियमांत आहे. हस्तर या शापित देवाकडून सोन्याची नाणी काढायची, तर पिठाची बाहुली, पिठाचं रिंगण, वेळेत बाहेर पडायचं. नियम कळला की हाव वाढताना बघणं असह्य होतं.

तीच शिस्त मल्याळम ‘ब्रमयुगम’मध्ये (२०२४). राहुल सदाशिवन यांनी अख्खा सिनेमा कृष्णधवल केलाय. सतराव्या शतकातला मलबार, पडका वाडा, मालक मामूटी. वाट चुकून आलेला गायक त्याच्याशी सोंगट्या खेळायला बसतो आणि पणाला काय लावायचं, तर स्वतःचं आयुष्य. माणसं मोजून तीन-चार, कौलांतून गळणारं पाणी आणि मामूटीचं ते सावकाश हसणं. ज्याच्या घरात जेवलो त्याला नाही म्हणता येत नाही, ही भीती कुठल्याही भुताहून मोठी आहे, आणि सत्ता अशीच चालते हे सिनेमा भाषण न देता दाखवतो. गेल्या काही वर्षांतला माझा सगळ्यात आवडता भयपट हाच.

मराठीवाल्यांनी आधी ‘दशावतार’ बघा, शक्य असेल तर आईवडिलांना घेऊन. कणकवली-सावंतवाडीकडचे असाल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्याच, मध्येमध्ये ती जे सांगतील ते सिनेमात नाही. ‘ब्रमयुगम’ सोनी लिव्हवर आहे, मूळ मल्याळम आवाज ठेवून उपशीर्षकांसह बघा, रात्री, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ‘मुंज्या’ सुट्टीत पोरांबरोबर चालेल. ‘तुंबाड’ अजून पाहिला नसेल तर पावसाळ्यात बघा.