सागवानी म्हणून घेतला, निघाला भुसा

आधीच सांगतो, चूक माझीपण आहे. बेडवरचा 18 टक्के जीएसटी वाचवायला गेलो.

भावाचं लग्न मे महिन्यात. आम्ही देवगडजवळच्या गावात राहतो, आमचे सुतारकाका आंब्याच्या सीझनला पेट्या ठोकण्यात अडकलेले, म्हणाले गणपतीनंतर बघू. मग काय, फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो आणि एका शोरूममधून डबलबेड घेतला, खाली स्टोरेजवाला, 46 हजार. मालक म्हणाला, "पूर्ण सागवान, नातवंडं झोपतील यावर." पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी धरून 54 हजारांच्या वर जाईल, उगाच कशाला. आम्हालाही पटलं (आता लाज वाटते). एका चिठ्ठीवर "डबलबेड 1 नग" एवढंच, लाकडाचं नाव नाही, दुकानाचा जीएसटी नंबर नाही. 10 हजार अ‍ॅडव्हान्स मोबाईलवरून दिलेला, बाकी 36 रोख.

18 मेला बेड घरी आला. जूनचा पहिला जोराचा पाऊस लागला आणि आठवड्याभरात बाजूची फळी चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली, कडेची पट्टी सुटली, स्टोरेजची बिजागरी तर स्क्रूसकट वहिनीच्या हातात आली. काकांना बोलावलं. त्यांनी पटाशीने कोपरा खरवडला, बोटावर चोळून दाखवला आणि म्हणाले, "सागवान खंयचो रे, ह्यो तर भुसो आसा." म्हणजे पार्टिकल बोर्ड, लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेली फळी, वरून सागाच्या डिझाईनचा कागद. चार पाय तेवढे खऱ्या लाकडाचे, कारण गिऱ्हाईक तिथेच टकटक करून बघतं! काका म्हणाले घेताना ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायचा नाहीतर फळी उचलून न दिसणारी कड बघायची, खरं लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरूनही पुढे जातात, बोर्ड असेल तर कडेला पट्टी चिकटवलेली असते नाहीतर उघडा भुगा दिसतो. पार्टिकल बोर्ड वाईटच असं नाही, कोरड्या गावात टिकतही असेल, पण आमच्याकडे चार महिने भिंतींना घाम फुटतो, आणि मुख्य म्हणजे मी पैसे सागाचे मोजलेत ना.

14 जूनला दुकानात फोन केला. आधी "माणूस पाठवतो", मग "कोकणातली हवाच तशी, आम्ही काय करणार", मग चिठ्ठीमागचा शिक्का वाचायला सांगितला, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शेवटी म्हणाला करा केस, या कोल्हापूरला तारखेला. इथे मी जवळजवळ गप्प बसलो होतो, घाट चढून उतरून कोण तारखा करणार.

भाच्याने 1915 ला फोन लावायला सांगितलं, ती ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. तिथून आणि नंतर एका ओळखीच्या वकिलाकडून कळलं ते असं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे मला ओरोस (आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं मुख्यालय), कोल्हापूर नाही. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, मुदत 2 वर्षं. आणि तो शिक्का? सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरतात, बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस. बिल न देणंही त्यातच येतं. माझी पहिली तक्रार 27 व्या दिवशी गेली होती, नशीब.

पुरावा काय तर दुकानाच्या मालकाने बेडचा फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः लिहिलेलं "साग आहे शंभर टक्के", आणि 10 हजारांची एंट्री दुकानाच्या नावाने. फुगलेल्या फळीचे, खरवडलेल्या कोपऱ्याचे फोटो काढले, सगळं जोडून पोस्टाने नोटीस पाठवली, 15 दिवस दिले, पोचपावती जपून ठेवली. नवव्या दिवशी साहेबांचाच फोन, आवाज एकदम गोड.

46 मधले 35 हजार परत मिळाले. 11 "वापराचे" कापले. महिनाभर झोपण्याचे 11 हजार, लॉज स्वस्त पडलं असतं! भांडता आलं असतं हो, पण रोख दिलेल्या 36 हजारांचा माझ्याकडे कागदच नव्हता, आणि ते त्यालाही माहीत होतं. पैसे खात्यावर आल्याशिवाय बेड टेम्पोत चढवू दिला नाही, तेवढं एक शहाणपण केलं.

सध्या भाऊ-वहिनी आजीच्या जुन्या पलंगावर झोपतात. काकांनी दोन पट्ट्या बदलून दिल्या, 800 रुपये. मी म्हटलं कागदावर लिहून सही करून द्या, तर हसायलाच लागले.