२२,१५० रुपये आणि माझ्या पेपरात नसलेला तक्ता क्रमांक ३

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. २२,१५० रुपये. सहा आठवड्यांच्या आत, पाच वेळा, माझ्याच हातानं. ओटीपी कुणी चोरला नाही, लिंकवर कुणी क्लिक करायला लावलं नाही. मी पीएचडी करतोय, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेतो आणि एम.ए.च्या पोरांना संशोधन पद्धती शिकवतो. बोगस जर्नल कसं ओळखावं यावर गेल्या वर्षी मीच एक तास घेतलाय. त्याची पीपीटी अजून लॅपटॉपवर आहे. हसायचं ते हसून घ्या आणि मग पुढं वाचा.

पैसे घेऊन पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापणाऱ्यांचा धंदा कसा चालतो हे इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. रोज दोन मेसेज येतात, आपण डिलीट करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मी बोगस जर्नलला फसलो नाही, खऱ्या जर्नलच्या तोतयाला फसलो. जर्नल खरं आहे, जुनं आहे, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) केअर यादीत, म्हणजे मान्य जर्नलच्या यादीत, होतं. त्याचं नाव, त्याचा आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक), त्याच्या संपादकांची नावं उचलून कुणीतरी वेबसाईट उभी केली आणि दुकान मांडलं. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाच्या ताब्यात कोकणातले किल्ले गेले होते, मी तर सीएचबीवाला. (बायको म्हणते, किल्ले गेले होते पण त्यांनी पावती तरी मागितली नव्हती. असो.)

माझा पेपर करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या गुऱ्हाळघरांवरचा. १४ गुऱ्हाळं, ९६ मजूर, दोन हंगाम. पहाटे चारला चुलवाणापुढं बसून मुलाखती घेतल्यात, कारण काहील उतरल्यावर गुळव्या बोलायला थांबत नाही, झोपायला जातो. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की माल माझा खोटा नव्हता. विकत पेपर घेणाऱ्यांतला मी नाही.

मग घाई कसली, असं गाईड सरांनी विचारलं. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीनं प्रबंध देण्याआधी पेपर छापायची सक्ती काढलीय, हे मलाही माहीत आहे. पण प्राध्यापकाच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावताना यूजीसीचा २०१८ चा गुणांचा तक्ता लागतो आणि त्यात एका पेपरला दोन गुण आहेत. म्हणजे मला एक गुण ११,०७५ रुपयांना पडला, आणि तोही मिळाला नाही.

शिवाय वेळ अशी होती की कुणालाच काही कळत नव्हतं. यूजीसीनं २०१८ मध्ये स्वतःच्याच यादीतली ४,३०५ जर्नल एका फटक्यात काढली. मग केअर आली, २०१९ मध्ये नवी यादी आली. तिच्या साईटवर खरं जर्नल कुठलं आणि त्याचं क्लोन कुठलं अशा जोड्या दिलेल्या असायच्या, आम्ही त्या बघायचो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीच बंद झाली. आता निकष सुचवलेत, निवड तुमची तुम्ही करा. स्टाफरूममध्ये जो तो दुसऱ्याला विचारतोय, "मग आता कुठलं चालतंय?" नेमक्या त्याच वेळी, १९ जुलैला, आमच्या स्कॉलर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या जर्नलच्या नावानं पेपर मागवणारा मेसेज पडला. टाकणारे ओळखीचे, वयानं मोठे, भले गृहस्थ. त्यांनी फक्त फॉरवर्ड केला होता. ओळखीच्या माणसानं पाठवलंय म्हणून अर्धी तपासणी आपण तिथंच सोडून देतो. सोडू नका.

फोनवर एक मॅडम. गोड बोलणं, प्रत्येक वाक्यात "सर". जुन्या केअर यादीचा स्क्रीनशॉट पाठवला, जर्नलचं नाव लाल रंगानं गोल केलेलं. मी आयएसएसएन तपासला. आठ आकडी नंबर, बरोबर. असणारच बरोबर, दुसऱ्याच्या गाडीची नंबरप्लेट काढून लावली तर नंबर खराच असतो. आणि आयएसएसएन म्हणजे नुसती नोंद आहे, दर्जाचा दाखला नव्हे. हे वाक्य माझ्या पीपीटीत आहे.

२० ला पेपर पाठवला. २२ ला, रात्री २ वाजून १४ मिनिटांनी, स्वीकृतीची मेल आली. सोबत परीक्षकाचे अभिप्राय. आता जे सांगणार आहे ते मी आजवर फक्त दोघांना सांगितलंय.

अभिप्राय तीन होते. एक, इंग्रजी सुधारा. दोन, संदर्भ अद्ययावत करा. तीन, तक्ता क्रमांक ३ मधील गुणोत्तराचं स्पष्टीकरण द्या.

माझ्या पेपरात तक्ते दोनच होते.

इथं थांबायला पाहिजे होतं. शाळकरी पोरालाही कळलं असतं की यानं पेपर उघडलेलासुद्धा नाही, दुसऱ्या कुणाला लिहिलेला अभिप्राय मला चिकटवलाय. मी काय केलं? बसलो, दुसरा तक्ता मधोमध तोडला, स्थानिक मजूर वेगळे आणि बाहेरून आलेले वेगळे केले, आणि तिसरा तक्ता तयार केला. खाली गुणोत्तर काढलं. त्यावर दोन परिच्छेद स्पष्टीकरण लिहिलं. परीक्षकानं एवढं बारकाईनं वाचलंय तर आपण त्यांचं ऐकावं, असं मला खरोखर वाटलं. पहाटे साडेपाचला "आदरणीय परीक्षक महोदयांचे आभार" अशी मेल टाकून झोपलो.

अजून रात्री जाग आली की तो तक्ता डोळ्यापुढं येतो. पैशांचं एवढं वाटत नाही. (खोटं आहे, पैशांचंही वाटतं.)

मग पैसे. २२ जुलै, साहित्यचौर्य तपासणीचा रिपोर्ट, १,२००. २४ जुलै, प्रकाशन शुल्क १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ११,८००. पावतीवर जीएसटीची रक्कम होती, पण जीएसटीचा नंबर नव्हता. १५ अक्षरांचा असतो तो, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बिलावरही असतो. यूपीआय करताना स्क्रीनवर नाव आलं ते जर्नलचं नाही, कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "सर, अकाउंट सेक्शन आउटसोर्स आहे." पटलं. २ ऑगस्ट, डीओआयचे (लेखाच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकाचे) ९००. खरा डीओआय १० पासून सुरू होतो, तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकला की लेखापर्यंत पोचतो. माझा टाकल्यावर "सापडत नाही" आलं असतं, पण टाकतो कोण? १८ ऑगस्ट, इंडेक्सिंग फास्ट-ट्रॅक, ६,५००. स्कोपससारख्या लेखसूचीत जर्नल जातं, पूर्ण जर्नल. तुमचा एकटा पेपर पैसे भरून कुणी आत ढकलू शकत नाही. जो तसं सांगेल त्याचा फोन ठेवा. २९ ऑगस्ट, छापील प्रत, सर्टिफिकेट आणि कुरिअर, १,७५०.

पहिल्या दिवशी माझ्या खात्यात ३१,४०० होते. सीएचबीचं मानधन कसं आणि कधी येतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं दुःख वेगळं सांगत नाही.

दुसरा धक्का खायला मी स्वतःच चालत गेलो. अंकाची पीडीएफ आली तेव्हा सायबर चौकात चहाच्या गाड्यावर उभा होतो, पाऊस लागलेला. मोबाईलवर अनुक्रमणिका उघडली. दलित आत्मकथनांतील स्त्रिया. त्याखाली फ्लाय ॲश काँक्रीटची ताकद. त्याखाली झिंक ऑक्साईडच्या पातळ फिल्म. मग जीएसटीचा किरकोळ व्यापाऱ्यांवर परिणाम, कबड्डीपटूंसाठी योग, आणि ६१ व्या नंबरला मी आणि माझी गुऱ्हाळं. सामाजिक शास्त्रांचं त्रैमासिक म्हणवणाऱ्या अंकात झिंक ऑक्साईड काय करतंय, हा प्रश्न पडला होता. शपथेवर सांगतो, पडला होता. पण नव्या शैक्षणिक धोरणापासून बहुविद्याशाखीय, आंतरविद्याशाखीय हे इतक्यांदा ऐकलंय की वाटलं, असेल बाबा. मानव्यविद्येपासून अभियांत्रिकीपर्यंत सगळे एका पंगतीत बसलेत, चांगलंच आहे की.

शेजारी माझा मित्र, फिजिक्समध्ये पातळ फिल्मवरच पीएचडी करणारा. त्याला दाखवलं. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "भावा, ह्यातला ग्राफ उलटा छापलाय. एक्स अक्ष वर आहे." त्याचा स्वतःचा पेपर सात महिने परीक्षकांकडं होता, तीनदा दुरुस्त्या झाल्या, दीड पानाचा एकेक अभिप्राय. मी त्याला म्हणालो होतो, तुमच्यात फारच वेळ लावतात.

पुढं त्यानं टोमणा मारलाच. १९९६ मध्ये सोकल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं मुद्दाम निरर्थक लेख लिहून सांस्कृतिक अभ्यासाच्या एका नियतकालिकात छापून आणला होता, "तुमच्याकडं काहीही खपतं." मीही सोडलं नाही. बेल लॅब्सच्या शॉननं बनावट आलेख घालून नामांकित जर्नलना फसवलं होतं, २००२ मध्ये त्याचं बिंग फुटलं, ते विसरलास का? आणि इंजिनिअरिंगवाले? एमआयटीच्या पोरांनी २००५ मध्ये आपोआप निरर्थक पेपर लिहिणारा प्रोग्राम केला, त्यातले १२० च्या वर पेपर मोठ्या प्रकाशकांना २०१४ मध्ये मागं घ्यावे लागले. २०१३ मध्ये बोहॅनन नावाच्या पत्रकारानं औषधाचा ढळढळीत चुकीचा पेपर ३०४ ठिकाणी पाठवला, १५७ जणांनी स्वीकारला. भांडण मी जिंकलं. पण त्याचे पैसे गेले नव्हते.

खरा प्रकार ८ सप्टेंबरला कळला. प्रबंधात संदर्भ देण्यासाठी खंड क्रमांक जुळेना म्हणून ग्रंथालयात जुने अंक बघायला गेलो. पातळसा अंक, पिवळसर मुखपृष्ठ, आत चार लेख. मागं बारीक अक्षरात आयएसएसएन, तोच. आणि एक ओळ: लेखकांकडून कोणतेही शुल्क घेतले जात नाही. उभ्या उभ्या घाम फुटला. अंकावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडं संपादक, निवृत्त प्राध्यापक, आवाज थकलेला. माझं नाव सांगायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुमचे किती गेले?" मी त्यांच्याकडं फोन करणारा अठरावा. त्यांनी स्वतः लेखी तक्रार दिलीय, दोनदा. त्यांच्या नावाची सही सर्टिफिकेटवर आहे, ती सही त्यांची नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा: छापील अंक शोधा, त्यावरच्या नंबरवर बोला. वेबसाईटवरच्या नंबरवर नव्हे, तो चोराचाच असतो. तोतया जर्नलची एक यादी, मागं घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणारे रिट्रॅक्शन वॉचवाले २०२२ पासून चालवतात, फुकट बघता येते.

मॅडमना फोन केला. पेपर मागं घ्यायचा तर ८,००० "विथड्रॉवल फी". हे नाही भरले, एवढी अक्कल शिल्लक होती. पण पेपर त्या साईटवर आहे तोवर खरं जर्नल म्हणणार, आधी छापलाय. दोन हंगामांचं काम अडकून पडलंय ते असं. म्हणून कॉपीराईटच्या फॉर्मवर सही करण्याआधी दोन दिवस थांबा.

आता तक्रारीचं ऐका. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला १० सप्टेंबरला, पहिल्या पैशापासून पन्नासाव्या दिवशी. तो नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, पन्नास दिवसांनी नाही. ही चूक माझी, मान्य. पण त्यानंतर जे झालं ते माझं नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पेपर म्हणजे वर्तमानपत्र का?" समजावलं. मग, "छापून आला ना? मग तक्रार कशाची?" म्हटलं साहेब, खोट्या ठिकाणी छापलाय. "पण छापलाय." अर्धा तास हेच. तोतयेगिरी करून फसवलंय, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड लागतं, असं म्हटलं तर साहेब म्हणाले, "कायदा शिकवता का कॉलेजात?" मूळ संपादकांचं पत्र आणा म्हणाले. आणलं. शिक्का नाही म्हणाले. शिक्का मारून आणला, तर पहिले साहेब बंदोबस्ताला गेलेले, नव्यांना पुन्हा पहिल्यापासून, "पेपर म्हणजे?" पाच खेपा. शेवटी साधा अर्ज घेतला, पोच मात्र मागून मागून मिळाली.

बँकेत म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, आमचा संबंध नाही. ज्या खात्यावर गेले ते गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. ह्या दोन काउंटरमधलं अंतर दीड किलोमीटर आहे, पायी मोजलंय.

आमच्या संस्थेत तर कहर. अर्ज तीन प्रतींत, मार्गदर्शकांच्या शिफारशीसह. समिती बसली. एक ज्येष्ठ म्हणाले, "तुम्हीच संशोधक, तुम्हाला कळायला नको?" कळायला पाहिजे होतं हो! पण गेल्याच मार्चमध्ये याच समितीनं एका सहकाऱ्याचा पेपर पदोन्नतीसाठी मान्य केला, त्याच साईटवरचा. हे मी बैठकीत बोललो. तेव्हापासून माझी फाईल "विचाराधीन" आहे आणि त्या सहकाऱ्यांनी बोलणं टाकलंय.

त्यांना दोष देत नाही. कदाचित त्यांच्याही पेपरात एक तक्ता वाढलेला असेल.

ठाण्यातल्या नव्या साहेबांनी शेवटी एक कामाची गोष्ट सांगितली. एकट्याचे बावीस हजार कुणी मनावर घेत नाही, पाच-सहा जण पावत्या घेऊन एकत्र आले तर बघू. संपादकांच्या हिशेबानं अठरा आहेत, त्यातले निदान चार कोल्हापूर-सांगलीचे. ज्यांना जुलैनंतर त्या ग्रुपवरून मेसेज आला आणि पैसे ट्रेडर्सच्या खात्यावर गेले, त्यांनी मला कळवा. नाव कुठं फुटणार नाही. येत्या सोमवारी अकरा वाजता दसरा चौकात जमू. यूपीआयचे स्क्रीनशॉट, स्वीकृतीची मेल आणि पावती यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणा, साहेब एकावर भागवत नाहीत. परीक्षकांचे अभिप्रायही आणा. तक्ता क्रमांक ३ मूळचा कुणाचा, ते मला बघायचंय.