हार्डडिस्क, क्लाउड की कापून आणलेला समुद्र?

रत्नागिरी-मालवणकडच्या एखाद्या कॉलेजात उपग्रहाने टिपलेल्या समुद्राच्या रंगावर काम करायचं ठरलं, की फायली साठवायला डिस्कचं कोटेशन मागवलं जातं. साहजिक आहे, डेटा वाढतच गेलाय. १९९९च्या ओशनसॅट-१ उपग्रहावरच्या ओसीएम या रंग मोजणाऱ्या उपकरणाला आठ वर्णपट्टे (वेगवेगळे मोजले जाणारे रंग) होते, २०२२च्या ईओएस-०६ उपग्रहावर तेरा, सेंटिनेल-३ उपग्रहाच्या ओएलसीआय उपकरणाला एकवीस. २०२४चा पेस उपग्रह तर पाच नॅनोमीटर इतक्या बारकाईने रंग मोजतो. ओएलसीआय १,२७० किमी रुंदीचं पाणी एका फेरीत टिपतो. त्यातलं आपल्याला हवंय किती?

वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत, दोन अंश रुंद पट्टा धरा. चार किमीच्या जाळीवर पाचेक हजार चौकटी होतात, म्हणजे एका दिवसाचं क्लोरोफिल (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हिरवं द्रव्य, ते रंगावरून काढतात) वीसेक केबी! अनेक उपग्रहांच्या नोंदी जोडून केलेला, १९९७ पासूनचा ओसी-सीसीआयचा रोजचा संच पाव जीबीत मावतो. ओपनडॅप या, दूरच्या फाइलचा हवा तेवढाच भाग देणाऱ्या सोयीला अक्षांश-रेखांश द्यायचे, तेवढाच तुकडा उतरतो. दहापैकी आठ प्रकल्पांना, माझ्या मते, एवढं पुरे.

अडतं ते खाडीच्या तोंडाशी. दाभोळ, जयगडला गाळामुळे क्लोरोफिलचा तयार आकडा फुगू शकतो. तिथे लेव्हल-१, म्हणजे उपग्रहाने हवेसकट मोजलेला मूळ प्रकाश घेऊन वातावरणाची दुरुस्ती (हवेचा वाटा वजा करणं) स्वतः करावी लागते, आणि मग क्लाउडच, म्हणजे दूरचा भाड्याचा संगणकच बरा. शेकडो एमबींच्या फायली उतरवण्यापेक्षा आपला कोड तिकडे पाठवायचा, निकाल तेवढा आणायचा. फक्त काम संपल्यावर मशीन बंद करा. चालू राहिलं तर भाडं चढतच राहतं.

मग डिस्क कशाला? होडीतून आणलेल्या नमुन्यांच्या नोंदींसाठी. उपग्रहाची फाइल परत उतरवता येते, त्या नोंदी नाही. खारी दमट हवा आणि ३ जून २०२०चं निसर्ग वादळ लक्षात घेऊन एक प्रत घाटावर ठेवा. शिवाय उपग्रहाची जुनी मालिका अधूनमधून नव्या सूत्रांनी पुन्हा तयार होते. डिस्कवरची जुनी वर्षं आणि नवी उतरवलेली वर्षं जोडलीत, तर आलेखात नसलेली उडी दिसते. फाइलच्या नावात आवृत्ती लिहाच.

नुसती मासळी कुठे लागेल एवढंच हवं असेल, तर यातलं काहीच नको. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राची सूचना मराठीतही, फुकट मिळते.

आणि जून ते सप्टेंबर ढगांनी बहुतेक चित्रं रिकामीच येतात. उतरवण्याआधी ढगांची टक्केवारी बघायची ओळ कोडमध्ये घाला.