फ्रिज झकास, खिट्टी बेभरवशाची

आमच्या मोटरहोममधला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतला, आधीचा फ्रिज गॅसवरचा. निघताना आठवणीने ज्योत विझवा, सिलिंडरची चावी बंद करा. शिवाय गाडी जरा तिरकी उभी राहिली की तो रुसायचा. आठ महिन्यांपूर्वी 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवला. चालू असताना 50-60 वॅट खातो, उतार-चढाचं त्याला काही नाही. थंडाव्याला पैकीच्या पैकी.

पण दाराची खिट्टी! पहिल्याच मोठ्या वळणावर दार उघडलं आणि काचेची बाटली गडगडत माझ्या ब्रेकच्या पायाशी आली. गाडी मीच चालवत होते. अंगावर काटा आला. विक्रेत्याने नवी खिट्टी पाठवली, तीही तसलीच. आता कळलंय, पहिला ‘टक्’ फसवा असतो. खालचा कोपरा अंगठ्याने दाबला की दुसरा, जाडसर ‘टक्’ येतो. तो ऐकल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही. काचेच्या बाटल्या तर बंदच केल्या.

आता नवऱ्याला चालत्या गाडीत इंडक्शनवर चहा हवाय. 1800 वॅट म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 150 अँपिअरच्या वर, म्हणजे बॅटरीवर फार मोठा ताण, हे सांगून झालं. करकचून ब्रेक लागल्यावर उकळतं पातेलं कुणाच्या मांडीवर येईल, हे विचारल्यावर मात्र गप्प बसला.