सायकलच्या कोनसाठी पातळ पाना: लेझरवर कोणत्या पत्र्यातून कापून घ्यावा?

चाकातले छर्रे बदलून कोन (आसावरचा, छर्ऱ्यांना जागेवर धरणारा निमुळता नट) परत बसवताना नेहमीचा पाना तिथे शिरतच नाही. कोनच्या सपाट कडा अरुंद, आणि लगेच शेजारी लॉकनट. तिथे साधारण 2 मिमी जाडीचाच पाना चालतो. संपूर्ण सपाट असल्यामुळे लेझरवर कापून घ्यायला हे अवजार अगदी सोयीचं आहे. पुढच्या चाकाला बहुधा 13 मिमी आणि मागच्याला 15 मिमी लागतो, पण आपल्या कोनवर व्हर्निअर लावूनच आकडा ठरवा.

पहिला पर्याय अॅक्रिलिकचा. पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे लेझरसारख्या संगणकी यंत्रांची कार्यशाळा, आहे. अशा ठिकाणच्या छोट्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर अॅक्रिलिक आणि प्लायवूड सुरेख कापलं जातं, पोलादाचा पत्रा मात्र नाही. अॅक्रिलिकचा पाना जोर लावला की तुटतो, म्हणून तो फक्त माप बघायला कापावा. त्यातही 2 मिमीचंच अॅक्रिलिक घ्या, कारण 3 मिमी फटीत जाईलच असं नाही. एक लक्षात ठेवा: किरण स्वतः 0.1 ते 0.2 मिमी माल जाळतो, त्यामुळे रेखाटनाच्या फाइलमध्ये त्याची भरपाई दिली नसेल तर जबडा तेवढा सैल निघतो. आणि पीव्हीसी कधीही लेझरखाली ठेवू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड माणसाला आणि मशीनला, दोघांनाही घातक असतो.

खरा निर्णय पोलादातला आहे. भोसरी, अंबड, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत पोलाद कापणाऱ्या फायबर लेझरवर जॉब करून देणारे भेटतात, आणि तिथे बहुतेक जण आधी स्टेनलेस मागतात. माझं मत वेगळं आहे. नरम 304 स्टेनलेसची कायमचं वाकण्याची मर्यादा साधारण 205 मेगापास्कल. नेहमीच्या ई 250 दर्जाच्या एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) प्लेटची 250. म्हणजे ताकदीसाठी स्टेनलेस घेण्यात अर्थ नाही. ते घ्यायचं गंजासाठी: कोकणात किंवा गोव्यात राहत असाल, अवजारं उघड्यावर राहत असतील, तर 304 घ्या. किरणासोबत नायट्रोजन वायू सोडून कापलं की कडही स्वच्छ, चकचकीत मिळते.

घरच्या एक-दोन सायकलींसाठी मी 2 मिमी एमएसच सुचवेन. स्वस्त, सहज मिळणारं, कानशीला वश होणारं. ऑक्सिजनवर कापलेल्या कडेवर मात्र काळी पापडी येते. ती घासून काढल्याशिवाय रंग मारलात तर तो सोलून निघतो. रोज वापर असलेल्या दुकानदाराला मात्र एमएस पुरणार नाही, जबडा हळूहळू फाकतो. त्याने 0.8 टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेला स्प्रिंग स्टीलचा पत्रा शोधावा. कापून झाल्यावर तो तापवून, एकदम विझवून कडक करावा लागतो आणि मग टेम्पर (पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी) करावा लागतो, आणि पातळ पत्रा विझवताना वेडावाकडा होऊ शकतो, म्हणून हे काम उष्णोपचारवाल्याकडेच द्यावं. त्याची लेझरने कापलेली कड उष्णोपचाराआधीच कडक झालेली असते, कानस तिच्यावरून नुसती घसरते. म्हणून जबड्याचं माप फाइलमध्येच बरोबर हवं.

पण पत्र्याइतकंच, किंबहुना जास्त, रेखाटनावर अवलंबून आहे. जबड्याच्या दोन्ही बाजूंना 9-10 मिमी रुंद माल सोडा, आणि तळाशी काटकोन न ठेवता गोलाई द्या, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातच तडा सुरू होतो. 15 मिमीच्या कोनसाठी जबडा 15.1 मिमी ठेवा. टांगायचं भोक पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान नको.

इंकस्केप किंवा लिब्रेकॅड या रेखाटनाच्या प्रोग्रॅममधून डीएक्सएफ (रेखाटनाची फाइल) देताना रेषा एकमेकींवर दोनदा आलेली नाही ना आणि आकार बंद आहे ना, ते पाहा. किरणाच्या रुंदीची भरपाई कोण देणार, हेही ऑपरेटरला आधीच विचारा. दोघांनी दिली तर जबडा घट्ट निघेल आणि कानस घेऊन बसावं लागेल. दुकानदाराचं कमीत कमी बिल ठरलेलं असेल, तर 13 आणि 15 दोन्ही एकाच फाइलमध्ये टाका, आणि प्रत्येकी दोन नग कापा: कोन आवरताना दोन्ही बाजूंना पाना लागतोच.