स्विफ्ट डिझेलचं रीमॅप : २१ हजार रुपये, नऊ महिने आणि पाटणचे चढ

मी पाटण तालुक्यात खासगी पशुवैद्यक आहे. गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय, घेतल्यापासून एकहाती. मागच्या सीटवर औषधांची पेटी, डिकीत कृत्रिम रेतनाचा नायट्रोजनचा कॅन, आणि रोजची ऐंशी-नव्वद किलोमीटरची फिरती. तारळे, मोरगिरी, ढेबेवाडी, कधी हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाटाच्या तोंडापर्यंत. गाडीचं ट्यूनिंग, म्हणजे इंजिनाचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणारं रीमॅप, करावं का, असं मला बरेच जण विचारतात, कारण मी ते केलं होतं आणि काढूनही टाकलं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी दुखणं काय होतं ते सांगते. या गाडीत १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आहे, मूळ फियाटचं. कंपनीचा आकडा ७५ पीएस (ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखंच), आणि १९० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, २००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे होतात तेव्हा. गोम या २००० मध्येच आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, आणि तो फिरतो एक्झॉस्टच्या धुरावर. आरपीएम १७००-१८०० च्या खाली असले की टर्बो फिरवण्याइतका धूरच निघत नाही, आणि टर्बोशिवाय हे इंजिन अगदी मवाळ आहे. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. सडावाघापूरच्या चढाला वळण घेताना दुसऱ्या गिअरवर आरपीएम बाराशेवर येतात, पेडल दाबलं तरी गाडी ढिम्म. मग पहिला टाकायचा, पुन्हा दुसरा. दिवसातून पन्नास वेळा हे केलं की डावा गुडघा बोलायला लागतो. रात्री दोन वाजता म्हैस अडल्याचा फोन आला असेल तर हा वेळ फार जिवाला लागतो.

२०२१ मध्ये, गाडी १ लाख ४ हजार किलोमीटर चालली असताना, पुण्यातल्या एका ट्यूनिंगवाल्याकडे रीमॅप करून घेतलं. इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला कंपनीचा प्रोग्रॅम, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘फाईल’, काढून त्यांनी बदललेली फाईल घातली. नवी फाईल डिझेल थोडं जास्त सोडते, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब वाढवते आणि टर्बोला हवा जास्त दाबू देते. बाहेरून लावायचा ट्यूनिंग बॉक्सही त्यांच्याकडे होता. तो सेन्सरचा आकडा बदलून कॉम्प्युटरला फसवतो आणि सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवता येतो. मी रीमॅपच घेतलं. २१,००० रुपये, आणि डायनोवर, म्हणजे चाकांवर येणारी ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आधीची-नंतरची चाचणी त्यातच धरलेली. चाकांवर आधी ५५ पीएस, नंतर ७४. कागद हातात मिळाला आणि मी खूश होऊन कराडकडे निघाले.

हायवेवर गाडी खरंच बदलली होती. खंबाटकीचा चढ चौथ्यात, एसी चालू ठेवून, मागे न पडता चढली. ट्रकला ओलांडायला आधी लांबून अंदाज घ्यावा लागायचा, आता पेडल दाबताच निघत होती. ज्याचं रोजचं येणं-जाणं पुणे-कोल्हापूर असं असेल त्याला हा फरक नक्की आवडेल. यात अतिशयोक्ती नाही.

पण मी ते हायवेसाठी केलं नव्हतं. माझा चढ बाराशे आरपीएमचा, आणि तिथे काहीच बदललं नाही. बदलणार तरी कसं? फाईल टर्बोला जास्त दाब देण्याची परवानगी देते, तो फिरवायला लागणारा धूर ती कुठून आणणार? उलट आधी १८०० ला ताकद हळूहळू यायची, ती आता धाडकन यायला लागली. ऑगस्टमध्ये तारळ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीकडे जाताना, तांबड्या मातीच्या ओल्या वळणावर पुढची चाकं जागेवर गरगरली. चढाला गाडीचं वजन मागे जातं, ओढणारी चाकं पुढची, आणि वर एकदम आलेला टॉर्क. तीनदा प्रयत्न केला, गाडी तिरकी होऊन चरीकडे सरकली. शेवटी पेटी डोक्यावर घेऊन अर्धा किलोमीटर चालत गेले. वासरू वाचलं नाही. फक्त त्या वीस मिनिटांमुळे गेलं असं मी म्हणणार नाही, ते आधीपासून आडवं होतं. पण ती वीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत.

मायलेजचंही लिहिते, कारण ‘मायलेज वाढतं’ हे वाक्य प्रत्येक ट्यूनिंगवाला म्हणतो. मी टाकी फुल ते फुल असा हिशेब वहीत ठेवते. रीमॅपच्या आधी १७.९. नंतर पहिले दोन महिने, जपून चालवली तेव्हा, १८.६. पुढे ताकदीची सवय लागली आणि १६.८ वर आलं. काळा धूरही वाढला. पीयूसीला आकडा मर्यादेच्या अगदी काठावर आला तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल: हवा कमी, इंधन जास्त.

सातव्या महिन्यात क्लच घसरायला लागला. पाचव्या गिअरवर पेडल दाबलं की आरपीएमचा काटा वर जायचा, वेग तिथेच, आणि करपल्याचा वास. कराडच्या मिस्त्रींनी क्लच सेट बदलला, ९,५०० रुपये. क्लच लाखभर किलोमीटर जुना होता, त्यामुळे सगळा दोष रीमॅपवर टाकत नाही. पण १९० एनएम धरायला बनवलेल्या प्लेटवर जास्तीचं ओझं टाकलं की तिचे दिवस कमी होतात, हे मिस्त्रींनी जळालेली प्लेट दाखवूनच सांगितलं.

त्याच वेळी त्यांनी डायनोचा कागद मागितला आणि माझ्याही कधी लक्षात न आलेली गोष्ट बोट ठेवून दाखवली. “ताई, ह्यो पहिला आकडा बघा. कंपनीची पंच्याहत्तरची गाडी, गिअरबॉक्समधी जाऊन चाकावर त्रेसष्ट-चौसष्ट तरी यायला पायजे. पंचावन्न म्हंजे गाडी आजारी होती.” बॉनेट उघडून त्यांनी इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपवरून बोट फिरवलं, ते तेलकट झालं. जोडापाशी पाइपला बारीक चीर होती. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच फुस्स होऊन जात होती. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, काजळीचा थर, बोटभर जाड.

मला स्वतःचाच धंदा आठवला. दूध कमी झालं की पेंड वाढवणारा शेतकरी मला रोज भेटतो, आणि मी रोज सांगते की आधी जंतांचं औषध द्या, शेण तपासा. माझ्या गाडीचं शेण पुण्यात कुणी तपासलंच नव्हतं. ५५ चा आकडा समोर दिसत असताना तिथल्या माणसाने पाइपवर बोट फिरवायला हवं होतं. ही माझी त्यांच्याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

नवा पाइप १,९००. ईजीआर आणि इनटेक साफ करण्याची मजुरी २,५००. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर १,४००. अलाइनमेंट वगैरे ६००. एकूण ६,४००. त्यानंतर पुण्याला जाऊन कंपनीची मूळ फाईल परत घालून घेतली आणि पुन्हा डायनोवर चढवली: ६३. म्हणजे १९ पीएसची जी वाढ मला विकली गेली, तिच्यातले आठ पीएस माझ्या गाडीचे स्वतःचेच होते. मायलेज आता २०.२. बाराशेला जोर अजूनही नाही, पण टर्बो लवकर जागा होतो आणि हळूच जागा होतो. मातीच्या चढाला मला तेच हवं होतं.

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीच्या काळी ‘ट्यूनिंग’ म्हणजे हेच होतं. पॉइंटचा गॅप पत्तीने मोजायचा, प्लग घासायचे, कार्बोरेटरचा स्क्रू कानाने लावायचा. गाडी जशी कारखान्यातून आली तशी परत करायची. त्या अर्थाचं ट्यूनिंग कुठल्याही छोट्या गाडीला करावंच.

माझ्या बहिणीची वॅगन-आर आहे, पेट्रोल, टर्बो नसलेली. तिला त्याच ठिकाणी १४,००० चा भाव सांगितला होता, तिला मी स्पष्ट नको म्हटलं. टर्बो नाही म्हणजे जास्तीची हवा इंजिनात भरायची सोयच नाही. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं आधी घेऊन जे चार-पाच पीएस मिळतील, ते एसी लावला की कळणारही नाहीत.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, आणि विमा कंपनीला बदल कळवावे लागतात. मी कळवले नव्हते. नऊ महिने रात्री-अपरात्री त्या घाटांतून फिरले, अपघात झाला असता आणि क्लेम नाकारला गेला असता तर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. पुण्यात पैसे घेताना याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. त्यांनी तो काढायला हवा होता.

त्यांच्या बाजूनेही एक लिहिते. मूळ फाईल त्यांनी जपून ठेवली होती, ती परत घालायचे पैसे घेतले नाहीत, आणि शेवटची डायनो चाचणी निम्म्या दरात करून दिली. ज्यांची टर्बो गाडी धडधाकट आहे, क्लच नवा आहे आणि फिरणं हायवेवरचं आहे, त्यांनी जावं. जाण्याआधी फक्त बॉनेट उघडून इंटरकूलरच्या पाइपच्या जोडांवरून एकदा बोट फिरवून बघावं.